युरोपचे खेळाडू एनबीएत का टिकतात, का परततात

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

युरोपीय बास्केटबॉलपटूंचा अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये निभाव लागतो का, यावर आपल्या क्रीडा पानावर वाचकांची पत्रे येत आहेत. काहींच्या मते हे खेळाडू हाताचे कसबी, पण अंगाने नाजूक. इतरांनी सर्बियाचा योकिच आणि स्लोव्हेनियाचा दोन्चिच ही तिथे यशस्वी झालेल्यांची दोन नावे घेऊन विषय मिटवून टाकला. या दोन्ही मतांत एक गोष्ट निसटते. युरोपात सर्वोत्तम ठरलेले कित्येक खेळाडू एनबीएतून एक-दोन वर्षांत परत आले, आणि युरोपातही ज्यांचा फारसा गवगवा नव्हता असे काहीजण तिथे शिखरावर पोचले. असे का होते, याचा उलगडा खेळाच्या नियमांत, करारांत आणि संघांच्या रचनेत सापडतो.

निभाव लागतो का, या मूळ प्रश्नावर फार वेळ घालवायला नको. एनबीएच्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू हा मान २००७ मध्ये जर्मनीच्या डर्क नोव्हिट्स्कीला मिळाला. २०१९ आणि २०२० मध्ये तो ग्रीसच्या यानिस अँटेटोकुम्पोकडे गेला. २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये सर्बियाच्या निकोला योकिचकडे. अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून २००७ मध्ये फ्रान्सचा टोनी पार्कर निवडला गेला, पुढे २०११ मध्ये नोव्हिट्स्की, २०२१ मध्ये यानिस, २०२३ मध्ये योकिच. २०२३ आणि २०२४ या लागोपाठच्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत) पहिली निवड फ्रेंच खेळाडूची झाली, आधी व्हिक्टर वेम्बान्यामा आणि मग झाकारी रिझाशे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आता अवघड भाग. १ सप्टेंबर २००६ रोजी जपानमधल्या सैतामा इथे जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ग्रीसने अमेरिकेला १०१-९५ असे हरवले. त्या सामन्यात २२ गुण करणारा वासिलिस स्पानुलिस काही आठवड्यांतच ह्यूस्टन संघात दाखल झाला. तिथे त्याला सामन्यामागे जेमतेम नऊ मिनिटे मिळाली, तीही सगळ्या सामन्यांत नाही. एका हंगामानंतर तो ग्रीसला परतला आणि नंतर तीन वेळा युरोलीगचा, म्हणजे युरोपच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेचा, विजेता झाला. अमेरिकेच्या निवडक संघाला भारी पडलेला माणूस एका अमेरिकी क्लबच्या बाकावर बसून राहिला. अंग नाजूक असते, तर सैतामातही ते दिसले असते. ह्यूस्टनमध्ये चेंडू ट्रेसी मॅकग्रेडीच्या हातात होता, आणि चेंडू हातात नसलेला स्पानुलिस म्हणजे निम्मा स्पानुलिस. मला वाटते, सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे.

युरोपच्या मोठ्या क्लबांत दहा-अकरा खेळाडू मिनिटे वाटून घेतात. पहिल्या दर्जाचा गार्डसुद्धा (चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा खेळाडू) चाळीसपैकी पंचवीस ते तीस मिनिटेच खेळतो, पण ती मिनिटे संघ त्याच्याभोवती फिरतो. एनबीएत चेंडू हाताळण्याचे काम एका किंवा दोन खेळाडूंकडे असते, आणि बहुधा ज्यांच्यावर संघाने सर्वांत मोठी रक्कम किंवा सर्वांत वरचा ड्राफ्ट क्रमांक खर्च केला आहे त्यांच्याकडे. उरलेल्यांनी कोपऱ्यात उभे राहायचे, चेंडू आला की न थांबता शूट करायचे, नाही आला तर रिंगकडे कापत जायचे आणि मागे पळून बचाव करायचा. हे काम वेगळे आहे. पंधराव्या वर्षापासून चेंडू हातात घेऊन वाढलेल्या माणसाला ते अठ्ठाविसाव्या वर्षी एकदम जमत नाही. वासिलिए मिचिच २०२१ मध्ये युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू होता. तो २०२३ मध्ये २९ वर्षांचा असताना ओक्लाहोमा सिटीला गेला. तिथे चेंडू शे गिल्जस-अलेक्झांडरकडे होता, आणि तो राहणारच होता. पुढे शार्लट संघात मिनिटे वाढली तसे मिचिचचे गुण आणि असिस्टही (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) वाढले, पण तोवर वय आणि करार दोन्ही पुढे सरकले होते. युरोलीगच्या २०२३ च्या सर्वोत्तम खेळाडूची, साशा वेझेन्कोव्हची गोष्टही तशीच: सॅक्रामेंटोत बारा-एक मिनिटे, एक हंगाम, आणि परत ग्रीसचा ऑलिंपियाकोस क्लब.

याच्या उलट उदाहरण ड्रॅझेन पेत्रोविचचे. १९८९ मध्ये तो पोर्टलंडला आला तेव्हा त्याच्या जागेवर क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर होते, म्हणून त्याला बारा-तेरा मिनिटे मिळत. दुसऱ्या वर्षी तीही घटली. जानेवारी १९९१ मध्ये त्याला न्यू जर्सीकडे देण्यात आले. तिथे जागा रिकामी होती. १९९१-९२ मध्ये त्याची सरासरी २०.६ गुण झाली, पुढच्या हंगामात २२.३, आणि लीगच्या तिसऱ्या सर्वोत्तम पंचकात नाव आले. दीड-दोन वर्षांत त्याचा शॉट बदलला नव्हता, उंची वाढली नव्हती. जून १९९३ मध्ये जर्मनीतल्या रस्त्यावर त्याचा अपघाती मृत्यू झाला नसता, तर युरोपच्या गार्डविषयीचे पूर्वग्रह दहा वर्षे आधी संपले असते, असे मला आजही वाटते.

पण सगळा दोष संघांच्या माथी मारणेही चूक ठरेल. बचावाचा प्रश्न खरा आहे आणि तो एका नियमातून येतो. एनबीएत बचाव करणारा खेळाडू कोणाला हातभर अंतरावरून अडवत नसेल, तर रिंगखालच्या आयतात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही. राहिला तर विरोधकाला एक फ्री थ्रो, म्हणजे कोणी अडवत नसताना मारायचा शॉट, मिळतो आणि चेंडूही त्याच्याकडेच राहतो. युरोपात चालणाऱ्या फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांत बचावपटूवर असे बंधन नाही. त्यामुळे युरोपात सेंटर, म्हणजे संघाचा सर्वांत उंच खेळाडू, रिंगखाली ठाण मांडून बसतो. समोरचा गार्ड आपल्या गार्डला चकवून आत आला तरी मागे भिंत असते. एनबीएत ती भिंत सतत आत-बाहेर करत असते, बाकीचे चार आक्रमक २४ फुटांवर पसरलेले असतात, आणि गार्डला बराच वेळ एकट्याने अडवावे लागते. मग विरोधी संघ हेरतो: यांच्यात पायाने सर्वांत हळू कोण? तो ज्याला अडवतो त्या आपल्या खेळाडूला स्क्रीन लावायला (आडवे उभे राहून बचावपटूची वाट रोखायला) बोलावतो, बचावात अदलाबदल करायला भाग पाडतो आणि आपला सर्वोत्तम खेळाडू त्याच्यासमोर आणून उभा करतो. हे एकदा नाही, प्रत्येक चढाईला. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, तर एकाच विरोधकाशी सात सामन्यांपर्यंत गाठ असल्याने हा कमकुवत दुवा लपवायला जागाच उरत नाही. युरोपात झोन (माणसाऐवजी जागा राखण्याच्या) आणि मदतीच्या बचावात झाकले गेलेले संथ पाय इथे उघडे पडतात. खेळाडू परत का येतो याचे हे मिनिटांनंतरचे दुसरे कारण.

हाच नियम आक्रमणात मात्र युरोपीय खेळाडूला वरदान ठरतो. आत गर्दी नाही, मैदान थोडे रुंद, पास द्यायला जागा. युरोपपेक्षा एनबीएत गुण करणे सोपे आहे, असे लुका दोन्चिच स्वतः म्हणाला होता, तेव्हा अनेकांना ती बढाई वाटली. तो खेळाचे भूमितीशास्त्र सांगत होता. १९ व्या वर्षी रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकून आणि तिचा सर्वोत्तम खेळाडू होऊन तो २०१८ मध्ये आला. गर्दीच्या रिंगखाली निर्णय घ्यायला शिकलेल्या मुलाला मोकळे मैदान मिळाले. २०२३-२४ मध्ये ३३.९ च्या सरासरीने तो लीगमध्ये पहिला आला. त्याचे पाय बचावात जलद नाहीत, हे खरे. पण त्याची किंमत वसूल करून वर उरेल इतके तो आक्रमणात देतो. स्पानुलिसला हा हिशेब मांडून दाखवायची संधीच मिळाली नाही.

तीन गुणांच्या रेषेबद्दल वाचकांच्या पत्रांत बरीच गल्लत दिसते, म्हणून आकडे देतो. एनबीएत ही रेषा समोरून ७.२४ मीटरवर आहे, फिबात ६.७५ वर. फरक ४९ सेंटिमीटर. कोपऱ्यात मात्र एनबीएत साधारण ६.७० आणि फिबात ६.६०, म्हणजे फक्त १० सेंटिमीटर. कोपऱ्यातून शूट करणाऱ्या फॉरवर्डला फारसे काही बदलावे लागत नाही. वरून, ड्रिबल थांबवून शूट करणाऱ्या गार्डला मात्र लागते: ताकद पायातून आणावी लागते आणि चेंडू छातीपासून वर नेण्याचा वेळ कमी करावा लागतो, कारण अंगावर धावून येणारा बचावपटू उंच आणि लांब हातांचा असतो. नुसता हातांनी जोर लावला की चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतो, आणि सामन्याच्या उत्तरार्धात, पाय थकल्यावर, हे हमखास दिसते. एका उन्हाळ्याच्या सरावात ही दुरुस्ती होते. २०१० पर्यंत फिबाची रेषा ६.२५ वर होती, म्हणजे फरक जवळजवळ एक मीटर होता. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये चौदावा निवडला गेलेला पेजा स्टोयाकोविच हे अंतर पार करून २००२ आणि २००३ मध्ये तीन गुणांच्या शूटिंगची स्पर्धा जिंकला, यावरून आजच्या खेळाडूचे काम किती सोपे आहे ते समजावे.

शूटिंग टिकेल का हे आधीच ओळखायचे असेल, तर तीन गुणांची टक्केवारी पाहून उपयोग नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने हंगामात असे शॉट मारलेलेच थोडे असतात. फ्री थ्रो पाहावेत. अंतर ठरलेले, समोर कोणी नाही, फक्त हाताची घडण दिसते. चेक प्रजासत्ताकाचा यान व्हेसेली २०११ मध्ये वॉशिंग्टनने सहाव्या क्रमांकावर घेतला. उडी, धाव, उंची सगळे होते, पण एनबीएत त्याचे निम्मेही फ्री थ्रो आत गेले नाहीत. असा खेळाडू मैदानात असला की त्याचा बचावपटू त्याला सोडून खुशाल रिंगखाली मदतीला जातो. २०१४ मध्ये तो तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबात गेला, तिथल्या रचनेत रिंगजवळ खेळला, २०१७ मध्ये युरोलीग जिंकला आणि २०१९ मध्ये तिचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

हंगामाच्या लांबीबद्दल बोलले जाते ते अर्धे बरोबर आहे. एनबीएत सहा महिन्यांच्या आत ८२ सामने होतात, ४८ मिनिटांचे. युरोपात ४० मिनिटांचे. पण मोठा युरोपीय क्लब युरोलीग आणि देशांतर्गत लीग मिळून सत्तरच्या आसपास सामने खेळतो, तेव्हा प्रवासाची सवय त्याच्या खेळाडूलाही असते. खरी अडचण सरावाची. युरोपात रोज, कधी दिवसातून दोनदा, संघाचा पूर्ण सराव असतो. एनबीएत आठवड्याला तीन-चार सामने आणि मधे विमानप्रवास, त्यामुळे हंगाम सुरू झाला की पाच विरुद्ध पाच असा सराव फार थोडा. नव्या खेळाडूला संघाची पद्धत व्हिडिओ पाहून आणि सामन्यातल्या मिनिटांतूनच शिकावी लागते. ज्याला मिनिटे नाहीत त्याला शिकायची जागाही नाही, आणि शिकला नाही म्हणून मिनिटे नाहीत. नोव्हिट्स्कीचा पहिला हंगाम, १९९८-९९, मालक-खेळाडू वादामुळे ५० सामन्यांचा झाला आणि त्याआधीचे शिबिरही आखडते होते. सरासरी ८.२ गुण. तो निकामी आहे असे तेव्हा छापून आले होते. पुढच्या वर्षी सरासरी १७.५ झाली. डॅलसने धीर धरला, आणि तो तिथेच २१ हंगाम खेळला.

धीर न धरल्याचे उदाहरण म्हणजे दार्को मिलिचिच. २००३ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड त्याच्या मागून गेले. वय १८. डेट्रॉइट तेव्हा विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होते आणि २००४ मध्ये विजेते झालेही. अशा संघाचा प्रशिक्षक कच्च्या मुलाला चुका करायला मैदानावर ठेवत नाही. मिलिचिचला पहिल्या वर्षी सामन्यामागे पाच मिनिटेही मिळाली नाहीत. त्याच्या दोनच वर्षे आधी स्पेनचा पाऊ गसोल तिसऱ्या क्रमांकावर मेंफिसला आला होता. तो संघ ८२ पैकी २३ सामने जिंकणारा, त्यामुळे गसोलला ३६ मिनिटे मिळाली आणि १७.६ च्या सरासरीने तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित झाला. गसोल वयाने मोठा होता आणि बार्सिलोनाच्या पहिल्या संघात तावून-सुलाखून निघाला होता, हेही तितकेच महत्त्वाचे. मिलिचिचच्या अनुभवानंतर काही निवडकर्ते दुसऱ्या टोकाला गेले आणि मार्क गसोल (४८ वा, २००७), स्लोव्हेनियाचा गोरान द्रागिच (४५ वा, २००८), योकिच (४१ वा, २०१४) असे खेळाडू दुसऱ्या फेरीपर्यंत घरंगळले.

योकिचसाठीही संघाला जागा रिकामी करावी लागली, हे विसरले जाते. डेन्व्हरकडे युसुफ नुर्किच हा दुसरा तरुण सेंटर होता आणि दोघांना एकत्र खेळवण्याचा प्रयोग फसला. १५ डिसेंबर २०१६ पासून प्रशिक्षक मायकल मलोन यांनी योकिचला सेंटर म्हणून सुरुवात दिली आणि आक्रमण त्याच्या हातून चालवले. फेब्रुवारीत नुर्किचला पोर्टलंडला पाठवले. सेंटरच्या हातून संघ चालवणे युरोपात नवे नाही. तिथे उंच मुलालाही लहानपणापासून ड्रिबल, दोन्ही हातांनी पास आणि बाहेरून शूटिंग शिकवतात. लिथुआनियाचा आर्विदास सबोनिस हे सारे योकिचच्या आधी करत होता. पण सोव्हिएत काळामुळे आणि पायाच्या दुखापतींमुळे तो एनबीएत पोचला तेव्हा तीस वर्षांचा होता. तरीही २४ मिनिटांत १४.५ गुण आणि ८.१ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू)! उंची आणि हातांचे शिक्षण ही जोडी नियम बदलले तरी टिकते, म्हणून सेंटर आणि फॉरवर्ड अधिक यशस्वी होतात आणि गार्ड कमी. पार्कर आणि द्रागिच हे टिकलेले गार्ड पाहा. दोघांचीही पहिली पावले विलक्षण जलद होती.

कराराची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून थोडे त्याविषयी. पहिल्या फेरीत निवडलेल्याचे वेतन ठरावीक श्रेणीतले असते: दोन वर्षे हमीची, तिसरे आणि चौथे संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही. त्यातच युरोपीय क्लबाचा करार मोडायचा तर भरपाई द्यावी लागते; एनबीए संघ तिचा ठरावीक भागच वेतनमर्यादेबाहेर भरू शकतो, बाकी खेळाडूच्या खिशातून. २००९ मध्ये पाचवा निवडलेला रिकी रुबिओ या कारणाने २०११ मध्ये मिनेसोटाला पोचला. निवडीनंतर तीन हंगाम थांबले की वेतनश्रेणीचे बंधन सुटते. २०११ चा निकोला मिरोतिच २०१४ मध्ये आणि २०१४ चा बोग्दान बोग्दानोविच २०१७ मध्ये असेच आले, दोघेही पंचविशीच्या आत आणि मोठ्या क्लबांत कसलेले. माझ्या मते सर्वांत सुरक्षित वाट हीच. एकोणिसाव्या वर्षी बाकावर बसायला येणे आणि एकोणतिसाव्या वर्षी भूमिका बदलायला येणे, दोन्ही धोक्याचे. शिवाय युरोपात वेतन बहुधा कर वजा करून ठरते. त्यामुळे बाकावर बसणारा चांगला गार्ड परतला तर तो व्यवहार असतो, त्याला पराभव म्हणणे अन्यायाचे आहे.

अलीकडे आणखी एक वाट उघडली आहे. अमेरिकी महाविद्यालये २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आणि युरोपचे तरुण तिकडे वळू लागले. फ्रान्झ वाग्नर मिशिगनमधून आणि लौरी मार्कानेन ॲरिझोनातून त्याआधीच यशस्वीपणे एनबीएत गेले होते. यात अमेरिकी मैदानाची सवय होते, पण प्रौढ व्यावसायिकांविरुद्ध खेळायची वर्षे हातची जातात. दोन्चिच सोळाव्या वर्षी माद्रिदच्या पहिल्या संघात उतरला होता, आणि ते शिक्षण कुठल्याही महाविद्यालयात मिळत नाही.

आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती आहे. पुढच्या ड्राफ्टच्या बातमीत युरोपीय खेळाडूच्या उंचीसोबत चार गोष्टी छापाव्यात: त्याचे वय, तो कोणत्या लीगमध्ये सामन्यामागे किती मिनिटे खेळला, त्याची फ्री थ्रोची टक्केवारी, आणि निवडणाऱ्या संघात त्याच्या जागेवर आज कोण खेळतो. एवढे दिलेत तर तो खेळाडू टिकेल की परतेल, याचा अंदाज वाचक स्वतः बांधू शकतील.

आपला विश्वासू,
बास्केटबॉलचा एक वाचक